चाळीस सेकंदांचा माणूस

मोदी नंबर दोनमधल्या माझ्या दुकानात
कंपनीचे नऊ डबे उभे आहेत,
तेच नऊ, मागच्या दिवाळीपासून.
दर शनिवारी मी त्यांच्यावरची धूळ पुसतो,
न येणाऱ्या पाहुण्याची गादी झटकावी तसा.

कंपनी मोडकळीला आली म्हणतात.
तिकडे, समुद्रापलीकडे, माणसं घरी पाठवली.
मोठा खेळ, लोखंडी सरदाराचा चौथा भाग,
तिसऱ्यांदा पुढे ढकलला.
डिस्ट्रिब्यूटरचा फहीम स्कूटरवरून न उतरताच सांगतो,
"हेडाऊभाऊ, येऊन राहिला, येऊन राहिला."
तीन वर्षं झाली,
येऊनच राहिला आहे.

त्याऐवजी मार्चमध्ये आला एक छोटा खेळ.
किंमत सातशे. सरदार त्यात नाहीच.
त्यात आहे तो कंदीलवाला,
दुसऱ्या भागात भुयाराच्या तोंडाशी उभा असायचा,
"सांभाळून जा" म्हणायचा
आणि संपायचा.
चाळीस सेकंद. मी मोजलेत.
आता त्याला आख्खं भुयार दिलंय,
एक म्हातारं खेचर
आणि मोजकं तेल.

रुचिर नंदनवार, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष,
काउंटरवर कोपर टेकून हसतो,
"काय वाचते काका कंपनी याच्यानं?
हत्ती बुडून राहिला,
अन् हे त्याले बकरी बांधून राहिले."

मी बिल फाडतो.
मला तांडापेठेतला माग ऐकू येतो.

बाबा लुगडी विणायचे, नऊवारी, करवतकाठी.
बायका पाचवारीकडे गेल्या, मग गिरणीच्या कापडाकडे,
आणि एका बुधवारी इतवारीच्या शेठने
अठरा लुगडी परत पाठवली, घडी न मोडता.
त्या आठवड्यात बाबांनी मागावर पंचे चढवले.
त्याच मागावर. तोच धोटा, तोच ठोका,
फक्त काठाशी हात थांबायचा तो आता थांबत नव्हता.
आई म्हणाली, लुगड्याच्या हाताने पंचे?
बाबा म्हणाले, थांबलेल्या मागाला कोळी धरतात.

पंच्यांनी सहा वर्षं जेवू घातलं.
माझी दहावी पंच्यांवर, ताईचं लग्न पंच्यांवर.
लुगडं मात्र मागावर परत आलं नाही.
हे मी रुचिरला सांगत नाही.
यातून काय सिद्ध होतं
ते मलाच धड ठाऊक नाही.

एप्रिलची वही: छोटे खेळ चौदा,
डबे नऊचे सात.
त्यातला एक नेला मेयोतल्या सिस्टर डोंगरवारांनी,
रात्रपाळी संपवून थेट आल्या होत्या,
उभ्या आयुष्यात खेळल्या नव्हत्या काही.
"यात मारामारी नाही ना?"
नाही, म्हटलं, तेल जपायचं असतं फक्त.
"तेवढं जमतं मला," म्हणाल्या,
आणि पर्समधून नोटा मोजल्या,
दोनदा.

दोन डब्यांनी समुद्रापलीकडची कंपनी उभी राहत नाही,
एवढं गणित मलाही येतं.
माझं लाइटबिल निघालं.
तिथेही कुणाचं तरी निघालं असेल,
त्या खेचराचे कान ज्याने काढले त्याचं,
असं मला उगाच वाटतं.

आज सेहेचाळीस होतं.
साडेनऊला शटर अर्धं ओढलं,
कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं
आणि स्वतःच खेळायला बसलो.

शेवटच्या वळणानंतर येतं ते भुयाराचं तोंड,
ओळखीचं, डाव्या हाताला तोच फुटका रांजण.
कंदीलवाला आपल्या जागेवर जाऊन उभा राहतो.
इथेच यायचा सरदार.
बाहेर वारा. खेचर एकदा फुरफुरतं.
कुणी येत नाही.
पडद्याच्या कोपऱ्यात तेलाची रेघ
नखाएवढी उरली आहे.

खेळ काही सांगत नाही, जा किंवा थांब.
मी बटण दाबून
वात थोडी खाली करतो.